अधांतरीं धरलेला कण

उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारीं दारें-खिडक्या लावून घेतल्या म्हणजे कौलांच्या फटींतून एखादा कवडसा घरांत उतरतो, आणि एरवीं रिकाम्या वाटणाऱ्या हवेंत धुळीचे असंख्य कण नाचतांना दिसूं लागतात. आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं तो उजेडाचा पट्टा मुठींत पकडण्याचा प्रयत्न केलेला असेल. आपल्या पूर्वजांनीं हें दृश्य नुसतें कौतुकानें पाहून सोडून दिलें नाहीं. झरोक्यांतून येणाऱ्या उन्हांत जो अगदीं सूक्ष्म रजःकण दिसतो, त्याला त्यांनीं ‘त्रसरेणु’ असें नांव दिलें. आणि मनुस्मृतींत वजनमापांची परंपरा सांगतांना पहिलें माप म्हणून त्याचीच योजना केली. डोळ्यांना दिसणाऱ्या सृष्टीची ही शेवटची पायरी, असा त्यामागील भाव.

आज मला त्या त्रसरेणूचीच, पण पुढची कथा सांगावयाची आहे. असा एक कण, अगदीं एकच, बाकीच्यांतून वेगळा काढून कोणत्याहि आधारावांचून अधांतरीं धरतां येईल काय? त्याच्या भोंवतालची हवाहि काढून टाकतां येईल काय? आणि हें साधलें, तर त्याची थरथर थांबवून तो कोणत्या नियमानें वागतो हें पाहतां येईल काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. या कथेंतील यंत्रें अद्भुत आहेत खरीं. परंतु त्यांच्यापेक्षां माणसेंच मला अधिक विचार करावयास लावतात. कारण एक कण एकटा पाडावयाचा म्हणजे बाकीचें सर्व बाजूस सारावयाचें. आणि काय बाजूस सारावें व काय ठेवावें, हा प्रश्न जितका कौशल्याचा, तितकाच सचोटीचाहि आहे.

प्रथम अडचणी पाहूं. पहिली अडचण गुरुत्वाकर्षणाची. कण कितीहि हलका असो, तो सावकाश कां होईना, खालीं येणारच. दुसरी अडचण हवेची. वाऱ्याच्या झुळकींनीं कण वाहतो हें आपण पाहतोंच. परंतु हवा अगदीं निवांत असली तरीहि तिचे रेणु अतिसूक्ष्म कणाला चहूंकडून धक्के देतच राहतात. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२७ सालीं पाण्यांतील सूक्ष्म कणांची अशी अखंड चळवळ पाहिली, आणि १९०५ सालीं आइन्स्टाइननें तिचें गणित मांडलें. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज धर्मोपदेशक-गणितज्ञानें १८४२ सालीं असें सिद्ध केलें, कीं स्थिर विद्युत्भारांची मांडणी कितीहि कुशलतेनें केली, तरी तिच्यायोगें दुसऱ्या भारित कणाला पोकळींत पक्क्या समतोलांत ठेवतां येणार नाहीं. एका दिशेनें त्याला आवरावें, तर दुसऱ्या दिशेनें तो निसटणारच. विश्वामित्रानें त्रिशंकूला अधांतरीं थोपविलें असें पुराण सांगतें. तें तपोबळ विजेपाशीं नाहीं, असाच जणूं या गणितज्ञाचा निवाडा होता.

आतां मदतीला कोण येऊं शकेल? याचें उत्तर कवडशांतच होतें, पण तें ओळखावयास फार काळ गेला. धूमकेतूचें शेंपूट नेहमीं सूर्याच्या उलट दिशेला असतें, हें पाहून केप्लरनें १६१९ सालींच असा तर्क केला होता, कीं सूर्यकिरण त्या शेंपटाला दूर ढकलीत असावेत. १८७३ सालीं मॅक्सवेलनें आपल्या विद्युत्-सिद्धांतावरून दाखविलें, कीं प्रकाशाला दाब असलाच पाहिजे. हा दाब मात्र अतिशय अल्प. पृथ्वीवर एक चौरस मीटर काळ्या पृष्ठभागावर पडणारें सारें ऊन जेवढा दाब देतें, तो सुमारें अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाएवढा भरतो.

हा दाब मोजावयास गेलेल्यांना पहिला धडा मिळाला तो हवेकडूनच. त्याच सुमारास विल्यम क्रूक्स यानें विरळ हवेच्या कांचेच्या गोळ्यांत एक लहानशी चक्री बसविली. तिच्या पात्यांची एक बाजू काळी व दुसरी चकचकीत होती. ऊन पडतांच ती फिरूं लागली, आणि प्रकाशाचा दाब डोळ्यांनीं दिसला असें पुष्कळांस वाटलें. परंतु चक्री फिरत होती ती उलट दिशेनें! प्रकाश चकचकीत बाजूवरून परततो, म्हणून त्या बाजूला अधिक दाब मिळावयास हवा. येथें तर काळी बाजूच मागें रेटली जात होती. काळी बाजू तापते, तिच्या लगतची विरळ हवा तापते, आणि हवेचा तो धक्का प्रकाशाच्या दाबाहून कितीतरी मोठा असतो, हें कालांतरानें उमगलें. खरा प्रकाशदाब मोजला तो मॉस्को येथील प्योत्र लेबेदेव यानें १९०० च्या सुमारास, आणि त्याच्या पाठोपाठ अमेरिकेंत निकोल्स व हल या जोडीनें. हवेचा धक्का कोणता व प्रकाशाचा कोणता, हें निवडण्यांतच त्यांची सारी हुशारी खर्ची पडली.

एकच कण अधांतरीं धरून त्याला प्रश्न विचारण्याचा पहिला मोठा प्रयोग मात्र प्रकाशानें नव्हे, तर विजेनें झाला. स्थळ शिकागो विद्यापीठ, साल १९०९. रॉबर्ट मिलिकन हे तेथें प्राध्यापक, आणि हार्वे फ्लेचर हा त्यांचा तरुण विद्यार्थी. आरंभीं मिलिकन पाण्याचे तुषार वापरीत. पण पाणी पाहतां पाहतां उडून जाई. मग तेल आलें. अत्तराच्या फवाऱ्यासारख्या कुपींतून तेलाचे तुषार उडवावयाचे, एका बारीक भोंकांतून त्यांतील एखादा दोन पितळी तबकड्यांच्या मधल्या जागेंत उतरूं द्यावयाचा, आणि तबकड्यांना हजारों व्होल्टचा विद्युत्दाब देऊन त्याला पडतां पडतां थोपवावयाचें. बाजूनें उजेड टाकला म्हणजे दुर्बिणींतून तो थेंब काळ्या आकाशांतील चांदणीसारखा दिसे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या त्या थेंबाला कित्येक तास वरखालीं हिंडवून त्याच्यावरील विद्युत्भार पुनःपुन्हां मोजला जाई. अर्नशॉचा निवाडा येथें मोडला नव्हता. भोंवतालची हवा थेंबाला अडवून धरी, आणि निरीक्षकाचा हात बटणावर असे, म्हणूनच तो टिके.

उत्तर मोठें सुंदर निघालें. बाजारांत कितीहि उलाढाल झाली, तरी देणें-घेणें पुऱ्या पैशांतच होतें; अर्धा पैसा कोणाच्या हातीं येत नाहीं. तसेंच थेंबावरचा भार नेहमीं एकाच मूळ भाराच्या पटींत बदले. तो मूळ भार म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार. मिलिकन यांना १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांतील एक मोठें कारण हा प्रयोग होय.

परंतु व्हिएन्ना शहरांत फेलिक्स एरेनहाफ्ट नांवाचा एक शास्त्रज्ञ असेच प्रयोग करीत होता. तो तेलाऐवजीं सोन्या-चांदीसारख्या धातूंचे विजेच्या ज्योतींतून उडालेले अतिसूक्ष्म कण वापरी. १९१० सालीं त्यानें जाहीर केलें, कीं आपणांस इलेक्ट्रॉनहूनहि लहान भार आढळतात. मूळ पैसा असा कांहीं नाहींच. आणि आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठीं त्यानें पुरावा दिला तो खुद्द मिलिकन यांचाच!

असें कसें झालें? १९१० सालच्या एका लेखांत मिलिकन यांनीं आपल्या निरीक्षणांना तारका दिल्या होत्या: उत्तम निरीक्षणाला तीन, त्याहून कमी विश्वासाच्याला दोन, मग एक, आणि कांहींना एकहि नाहीं. एक निरीक्षण आपण गाळलें असेंहि त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें होतें. एरेनहाफ्टनें त्या तारकांकडे दुर्लक्ष करून सर्व आंकडे सारखेच धरले, आणि भार कसे विखुरलेले आहेत तें दाखविलें. मिलिकन यांच्या मोकळेपणाचेंच प्रतिपक्षानें शस्त्र केलें.

पुढें काय झालें तें मोठें उद्बोधक आहे. १९१३ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखांत मिलिकन यांनीं ५८ थेंबांचे आंकडे दिले, आणि हे निवडक थेंब नसून साठ दिवसांत तपासलेले सर्वच थेंब आहेत असें प्रतिपादन केलें. तारका नाहींशा झाल्या. त्यांच्या हस्तलिखित वह्या जपून ठेवलेल्या होत्या, आणि १९७८ सालीं जेराल्ड होल्टन या इतिहासकारानें त्यांवर प्रकाश टाकला. वह्यांत शंभराहून अधिक थेंबांच्या नोंदी होत्या. कांहींच्या पुढें पसंतीचे शेरे होते, कांहींच्या पुढें नापसंतीचे. पुढें या गाळलेल्या थेंबांचेंहि गणित करून पाहण्यांत आलें, तेव्हां मूळ उत्तर फारसें बदलत नाहीं असें आढळलें. फक्त त्याची अचूकता सांगितली होती त्याहून कमी भरते.

म्हणजे मिलिकन यांचें उत्तर खरें होतें, पण लेखांतलें एक वाक्य खरें नव्हतें. एरेनहाफ्टनें आंकडे निवडले नाहींत, पण त्याचें उत्तर चुकलें. त्याचे धातूचे कण पोकळ किंवा ओबडधोबड असावेत, आणि त्यांची घनता त्यानें धरली तितकी नसावी. इतक्या लहान कणाला हवा कशी अडवते याचा हिशेबहि बिनचूक नव्हता. जें खरोखर गोंगाट होतें, तेंच त्यानें निसर्गाचें बोलणें मानलें. कांहीं न गाळणें हें सत्याला पुरेसें नाहीं; आणि गाळलेलें न सांगणें हें सत्याला शोभत नाहीं.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. मास्तरकी करीत असतां मी मुलांकडून लोलकाचा प्रयोग करून घेत असें. गुरुत्वाकर्षणाचें मूल्य ९८१ च्या आसपास आलें, कीं मी वहींत ‘उत्तम’ असा शेरा मारीत असें. एका वर्षीं एका मुलानें सर्व वाचनें व्यवस्थित लिहून ९४३ असें उत्तर आणलें. मी वही परत केली व प्रयोग पुन्हां करावयास सांगितला. दुसऱ्या दिवशीं त्यानें ९८० आणलें. वहींत एकहि खाडाखोड नव्हती. तें उत्तर कोठून आलें हें मला कळत होतें, तरीहि मीं पुरे गुण दिले. पुढें कधींतरी ती वही डोळ्यांपुढें आणून विचार करूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें, कीं त्यानें दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजतां वरच्या आंकड्यापर्यंतच मोजली असली पाहिजे. पंचवीस सेंटिमीटरांत एक सेंटिमीटर कमी पडला, कीं उत्तर बरोबर तितकेंच घटतें. पांच मिनिटांत त्याची चूक मला त्याच्यापुढें ठेवतां आली असती, आणि तो कांहीं शिकला असता. मीं त्याला शिकविलें तें उत्तर जुळवावयास. म्हणून मिलिकन यांच्या वह्यांविषयीं वाचतांना मला त्यांना दोष देण्याचा धीर होत नाहीं.

या प्रयोगाला आणखी एक बाजू आहे. तेलथेंबांच्या पहिल्या लेखावर एकट्या मिलिकन यांचें नांव आहे, फ्लेचरचें नाहीं. फ्लेचर १९८१ सालीं वारला, आणि पुढल्या वर्षीं त्याचें आत्मकथन प्रसिद्ध झालें. त्यांत तो सांगतो, कीं गुरूंनीं एके दिवशीं घरीं येऊन वांटणी ठरविली: हा लेख माझ्या एकट्याच्या नांवावर, आणि ब्राऊनच्या चळवळीवरील दुसरा लेख तुझ्या एकट्याच्या नांवावर, तोच तुझा डॉक्टरेटचा प्रबंध. तेलाची कल्पना आपली, असेंहि फ्लेचर म्हणतो. मिलिकन यांच्या आठवणींत ती त्यांची स्वतःची आहे. फ्लेचरच्या कथनांत गुरूंविषयीं कडवटपणा नाहीं. तरी सत्तर वर्षें ही गोष्ट त्यानें हयातींत जाहीर होऊं दिली नाहीं, यांतच शिष्याच्या मनाची सारी कहाणी आली.

एरेनहाफ्टचें पुढें काय झालें? शास्त्रज्ञांच्या जगांत तो एकाकी पडला. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळल्यावर ज्यू म्हणून त्याला व्हिएन्ना सोडावें लागलें. युद्धानंतर तो परत आला, व १९५२ सालीं तेथेंच वारला. पण त्याच्या कामांतून एक गोष्ट मागें उरली. तीव्र उजेडांत हवेंतील कण कधीं प्रकाशापासून दूर, तर कधीं प्रकाशाकडे सरकतात, हें त्यानें बारकाईनें नोंदविलें होतें. हा क्रूक्सच्या चक्रींतलाच तापलेल्या हवेचा खेळ. ज्याला पुढें प्रकाशानें कण धरावयाचा होता, त्याला हा शत्रु ओळखून घेणें आवश्यकच होतें.

अर्नशॉच्या निवाड्यांतून सुटण्याची पहिली वाट जर्मनींत बॉन येथें वुल्फगांग पाऊल यानें १९५० नंतरच्या दशकांत काढली. स्थिर वीज कणाला धरूं शकत नाहीं. मग तिला स्थिर ठेवूंच नये! घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवली, तर ती पुढें-मागें आवरली जाते, पण बाजूंनीं घसरते. मात्र खोगीर योग्य वेगानें गोल फिरविलें, तर गोटी घसरण्याच्या आंत चढण तिच्यासमोर येते, व ती मध्येंच राहते. विजेची दिशा वेगानें पालटून पाऊलनें असेंच फिरतें खोगीर बनविलें. १९५९ सालीं अमेरिकेंत वुर्कर, शेल्टन व लँगम्यूर या तिघांनीं अशा सापळ्यांत, निर्वात पोकळींत, ॲल्युमिनियमचे भारित सूक्ष्म कण धरून दाखविले. पाऊल यांना १९८९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

दुसरी वाट प्रकाशाची. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत आर्थर ॲश्किन या शास्त्रज्ञानें १९७० सालीं लेसरचा एकवटलेला किरण पाण्यांतील सूक्ष्म पारदर्शक गोळ्यांवर सोडला. पारदर्शक गोळेच कां? तर ते प्रकाश शोषीत नाहींत, म्हणून तापत नाहींत, आणि म्हणून तो जुना फसवा धक्का जवळजवळ नाहींसा होतो. ज्या गोंगाटानें पूर्वीच्या लोकांना चकविलें, त्याला ॲश्किननें आंकडे गाळून नव्हे, तर कारण ओळखून दूर केलें. गोळे प्रकाशाच्या दिशेनें पुढें ढकलले जातील अशी अपेक्षा होती, व ते तसे गेलेहि. पण त्याबरोबर एक नवल घडलें: ते किरणाच्या मध्याकडेहि ओढले गेले. होडींतून कांठावर उडी मारणारा मनुष्य होडीला उलट दिशेला लोटतो; त्याचप्रमाणें गोळ्यांतून वाकून बाहेर पडणारा प्रकाश गोळ्याला उलट दिशेला लोटतो. किरणाच्या मध्याशीं प्रकाश सर्वांत दाट, म्हणून या लोटण्याची गोळाबेरीज गोळ्याला मध्याकडेच नेते.

१९७१ सालीं ॲश्किन आणि त्याचा सहकारी जोसेफ झेड्झिक या दोघांनीं लेसरचा किरण खालून वर सोडून सुमारें २० मायक्रोमीटर व्यासाचा कांचेचा गोळा हवेंत अधांतरीं तोलला. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किरणाची शक्ति होती पाव वॅट. १९७६ सालीं त्याच दोघांनीं हवा जवळजवळ सर्व काढून घेतलेल्या पोकळींत गोळा धरला. हें मोठें कठीण. कारण हवा त्रास देते तशी आधारहि देते. तिच्या रोधानें कणाचें डोलणें शमतें; ती गेली, कीं जरासा धक्का लागला तरी तें डोलणें चालूच राहतें. म्हणून गोळ्याची जागा सतत पाहून त्याप्रमाणें किरणाची शक्ति कमी-अधिक करण्याची युक्ति त्यांनीं योजली. या लेखांवर दोघांचींहि नांवें आहेत, याची नोंद फ्लेचरची हकीकत ऐकलेल्या श्रोत्यांनीं अवश्य घ्यावी. ॲश्किनला नोबेल पारितोषिक मिळालें २०१८ सालीं. त्या वेळीं त्याचें वय ९६ वर्षांचें होतें. दोन वर्षांनीं तो वारला.

यानंतर कथेला वेग आला. आइन्स्टाइननें १९०७ सालीं म्हटलें होतें, कीं ब्राऊनच्या चळवळींतील कणाचा क्षणाक्षणाचा वेग मोजणें अशक्यप्राय आहे. कारण धक्के इतके झपाट्यानें येतात, कीं वेग मोजण्यापूर्वींच तो बदललेला असतो. २०१० सालीं टेक्सास विद्यापीठांत मार्क रायझन व त्याच्या विद्यार्थ्यांनीं प्रकाशांत धरलेल्या तीन मायक्रोमीटरच्या गोळ्यावर तोच वेग मोजला. हवा पाण्याहून विरळ, म्हणून तींतील धक्क्यांचा परिणाम सावकाश होतो; त्या सवडींत त्यांनीं कणाला गांठलें.

आतां राहिला तिसरा प्रश्न, निश्चलतेचा. उष्णता म्हणजे कणांची चळवळ; तेव्हां कणाला शांत करणें म्हणजेच त्याला थंड करणें. झोपाळा थांबवावयाचा असेल, तर तो आपल्याकडे येतांना आपण त्याला हलकेच उलट रेटतों. धरलेल्या कणाला असेंच शांत करतां येतें. पण येथें निसर्गानें एक सीमा घालून दिलेली आहे. १९२७ सालीं हायझेनबर्गनें दाखविलें, कीं कणाची जागा व गति दोन्ही एकाच वेळीं अगदीं निश्चित असूं शकत नाहींत. म्हणून कणाला कितीहि शांत केलें, तरी एक शेवटची थरथर उरतेच. ती काढून घेतां येत नाहीं. या तळाच्या अवस्थेपर्यंत पोहोंचलेला कण मग कवडशांतल्या धुळीच्या नियमानें नव्हे, तर अणूंच्या, म्हणजे पुंज-सिद्धांताच्या नियमानें वागूं लागतो.

हें साधलें कोठें? एरेनहाफ्टच्याच व्हिएन्ना शहरांत. तेथील विद्यापीठांत मार्कुस आस्पेलमायर व उरोश डेलिच यांच्या मंडळीनें २०२० सालीं हा प्रयोग प्रसिद्ध केला. कण होता साध्या सिलिकेचा, १४३ नॅनोमीटर व्यासाचा; असे सात हजार कण ओळीनें मांडले, तर एक मिलिमीटर भरेल. तरी त्या एका कणांत सुमारें दहा कोटि अणू होते. प्रकाशाच्या चिमट्यांत धरून तो दोन आरशांच्या मध्यें ठेवला होता. त्या आरशांची योजना अशी, कीं कणावरून विखुरणारा जो प्रकाश त्याची ऊर्जा घेऊन निघेल, त्यालाच वाट मोकळी मिळावी. अशा रीतीनें कणाची चळवळ कणाकणानें काढून घेण्यांत आली. भोंवतालचें पात्र खोलीइतकेंच ऊबदार होतें. पण त्या एका कणाची एका दिशेची गति मात्र केवलशून्याच्या वर अवघ्या बारा दशलक्षांश अंशापर्यंत उतरली होती. उरलेली थरथर एका अणूच्या व्यासाहूनहि कितीतरी कमी होती. पुढल्याच वर्षीं, २०२१ सालीं, व्हिएन्नांतील एका प्रयोगानें आणि झुरिचच्या प्रयोगशाळेनें स्वतंत्रपणें, आरशांऐवजीं कणाच्या हालचालीकडे पाहून उलट रेटण्याच्या युक्तीनें हीच मजल गांठली.

मला यांत सर्वांत विचारणीय वाटते ती व्हिएन्नांतील मंडळींची मोजण्याची पद्धत. कण तळाला पोहोंचला हें त्यांनीं कसें ओळखलें? ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं, तो देऊं शकत नाहीं. घेऊं मात्र शकतो. विखुरलेल्या प्रकाशाचे दोन भाग असतात: एक कणाकडून ऊर्जा घेऊन निघालेला, दुसरा कणाला ऊर्जा देऊन निघालेला. कण जसजसा तळाशीं जातो, तसतसा पहिला भाग क्षीण होतो. या दोहोंचें प्रमाण पाहिलें, कीं कणाची अवस्था कळते. येथें साक्ष कणाचीच आहे. पुस्तकांतल्या उत्तराशीं ताडून पाहण्याची गरज नाहीं, आणि शेरे मारण्याचीहि नाहीं.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. अणू एकाच वेळीं दोन वाटांनीं गेल्यासारखा वागतो. आपल्या घरांतला पाट किंवा तांब्या तसा वागत नाहीं. मग ही सीमा नेमकी कोठें आहे? कीं सीमा मुळींच नसून, मोठ्या वस्तूंना हवेचे व उष्णतेचे धक्के सतत बसत असल्यामुळें त्यांचें तें वागणें आपणांस दिसत नाहीं, एवढेंच? दहा कोटि अणूंचा कण जगाच्या गोंगाटापासून इतका दूर ठेवतां आला, म्हणजे हा प्रश्न वादाचा न राहतां प्रयोगाचा होतो. दोन वाटांची ती परीक्षा याहून कठीण आहे. तिच्याकडे जाण्याची ही पायरी होय.

श्रोतेहो, कवडशांत नाचणाऱ्या कणांपासून आपण निघालों, आणि एका कणाच्या अखेरच्या थरथरीशीं येऊन थांबलों. या वाटेवर ज्यांनीं खरी प्रगति केली, त्यांनीं प्रत्येक धक्क्याला प्रथम त्याचें नांव-गांव विचारलें: तूं हवेचा, उष्णतेचा, कीं प्रकाशाचा? उत्तर मिळालें, मगच त्याला बाजूस केलें. मला ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीं कळली असती, तर त्या मुलाची ९४३ ची वही मीं परत केली नसती. त्याला जवळ बसवून, दोरी कोठून कोठवर मोजलीस बाळ, एवढेंच विचारलें असतें.